टाकळा आणि कासविंदा

झरीच्या पाड्यावर रानभाजीबद्दल शंका आली की बायका बायजीकडे यायच्या. सासूच्या मागे रानात हिंडून ती शिकली होती. टाकळा आणि कासविंदा एकाच कुळातले, फुलं दोघांचीही सारखीच पिवळी. पण बायजी चालता चालता ओळखायची. टाकळ्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, पान टोकाला गोल, शेंग सुतळीसारखी बारीक, वाकडी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पान टोकदार, चुरगळलं की उग्र दर्प. शेंग रुंद, चपटी. टाकळ्याची कोवळी पानं भाजीला आणि वाळलेलं बी तलासरीच्या व्यापाऱ्याला जायचं. कासविंद्याचं बी पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही, एवढं सासूने बजावून ठेवलं होतं.

बायजीचा मुलगा लहान्या घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला गेला आणि तिथूनच जमनाला लग्न करून घेऊन आला. बायजीने त्याच्यासाठी आपल्या भावाची मुलगी मनात धरली होती. ती अढी गेली नाही. जमनाला नखाने साल खरवडून चिकू उतरवण्याजोगा झालाय का ते सांगता यायचं, रानातलं मात्र काही कळत नव्हतं.

"आई, हे कोणतं झाड?" ती विचारायची.

"डोळे आहेत ना तुला? बघ की," बायजी म्हणायची आणि मग पाड्यावरच्या बायकांना सुनेचा अडाणीपणा रंगवून सांगायची.

एकसष्ट साली दिवाळी झाल्यावर बायजीचा पाय मुरगळला. टाकळ्याच्या शेंगा आणायला जमना एकटीच गेली. दुपारी भरली टोपली घेऊन आली आणि अंगणात चटईवर ओतायला बसली. बायजीने टोपलीत हात घालून पाहिलं. निम्म्या शेंगा चपट्या होत्या. ती बोलणारच होती, पण घामाने भिजलेली जमना हसून म्हणाली, "एवढ्या शेंगा तू पण एका दिवसात आणल्या नसशील."

बायजीने तोंड मिटून घेतलं. नेऊ दे हिला तलासरीला, व्यापारी चारचौघांत परत करील, मग उतरेल तोरा, असं तिने ठरवलं.

शेंगा दोन दिवस उन्हात पडून होत्या. तीन वर्षांची बारकी, लहान्याची एकुलती एक मुलगी, तिथेच खेळायची. तिसऱ्या दिवशी ती ओकायला लागली. संध्याकाळी काहीबाही बरळू लागली, आईलाही ओळखेना. भगताने अंगारा लावला. पहाटे लहान्याने बैलगाडी जुंपली आणि नवराबायको तिला डहाणूला घेऊन गेले. मेंदूत ताप गेलाय, असं डॉक्टर म्हणाला.

लंगडत अंगण झाडताना बायजीला चटईच्या कडेला दातांनी फोडलेल्या चपट्या शेंगा दिसल्या. ती तिथेच खाली बसली. मग उठून तिने सगळ्या शेंगा चुलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा जमनाच्या मांडीवर बारकी होती, पण डोक्यापासून पायापर्यंत लुगड्यात गुंडाळलेली.

पुढे बायजी पाड्यावरच्या पोरीबाळींना कुणी न विचारताच टाकळा आणि कासविंदा दाखवू लागली. दर पावसाळ्यात झोपडीभोवतीची कासविंद्याची रोपं उपटायची. घरात मात्र तिने एक शब्द काढला नाही. जमनाही तिच्याशी कामापुरतं बोलायची.

सहासष्ट साली जमनाला पुन्हा दिवस गेले. तांदूळ निवडता निवडता बायजीच्याने राहवेना.

"जमने, त्या शेंगांत कासविंदा होता. मला दिसलं होतं."

जमनाचे हात थांबले नाहीत. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच पावसाळ्यात. शेजारच्या रूपीने मला दोन्ही झाडं दाखवली. मग आठवलं, तू टोपलीत हात घातला होतास. काहीतरी बोलणार होतीस."

"मग विचारलं का नाहीस इतकी वर्षं?"

"विचारायची सवय तूच मोडलीस, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बायजीला रडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "हे पोर चालायला लागलं की मी नेईन त्याला रानात. सगळं दाखवीन."

"नको," जमना म्हणाली. "मला येतं आता." आणि सूप उचलून ती आत गेली.