दुसरी पावती

पावतीबाईंना कुणी पैसे दिले तर त्या आभार मानत नसत. नोट हातात धरून समोरच्याकडे बघत आणि विचारत, "कशासाठी?" माणूस गडबडून जायचा. पुण्य करायला निघालेल्याला एकदम चौकीत आल्यासारखं वाटायचं. "कशालाबी लावा बाई," असं कुणी म्हणालं की त्या नोट परत करत. "कशालाबी लावायला मी कोन? घरी जाऊन इचार करा, मग या." असे परत पाठवलेले लोक पुन्हा आले की नाही, कोण जाणे. मिशनचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांना मात्र त्यातल्या प्रत्येकाचं नाव पाठ होतं.

गेवराईत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि सगळ्यांत जास्त वर्गणीची पावतीपुस्तकं. आमच्या बाजारपेठेत 'पावती फाडली' म्हणजे काय ते कुठल्याही दुकानदाराला विचारा. चार जण दारात उभे राहतात, आकडा तेच सांगतात आणि आपण हसून गल्ल्यात हात घालतो. अशी पुस्तकं मी हजारोंनी छापली आहेत. त्यामुळे सुती लुगड्यातल्या, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घेतलेल्या एक बाई काउंटरपाशी येऊन म्हणाल्या, "पावती तीन तुकड्यांची पायजे," तेव्हा मला त्यांची गंमतच वाटली.

बाईंचं नाव मार्था, 'पावतीबाई' हे नाव मागून पडलं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. जवळच्या गावात ख्रिस्ती लोकांचं लहानसं मिशन होतं, तिथं त्या खजिनदार होत्या. पत्र्याचं प्रार्थनामंदिर आणि शेजारी दोन खोल्यांचं वसतिगृह, एवढाच पसारा. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला गेले की अठरा-वीस लेकरं तिथं राहत आणि गावातल्या शाळेत जात. लेकरं सगळ्या जातीधर्मांची. पगार कुणालाच नव्हता. पाळकसाहेबसुद्धा आठवडाभर पंपाच्या जळालेल्या मोटारींत तार भरून द्यायचे आणि रविवारी उपासना घ्यायचे. "एक तुकडा देनाऱ्याला, एक पुस्तकात," बाई समजावत होत्या, "आन तिसरा पैसे खर्च झाल्यावर. त्याच्यावर काय घेतलं ते लिहायचं आन ज्यानं दिले त्याच्या घरी न्हेऊन द्यायचं." मी म्हणालो, "बाई, एवढं तर सरकारही करत नाही." त्या म्हणाल्या, "सरकारला कुनी खुशीनं देतंय व्हय?"

त्या दिवशी छपाईतले दोनशे रुपये मी सोडून दिले. बाईंनी तिथंच पेन काढलं. "कशासाठी?" मला काही सुचेना. शेवटी म्हणालो, "लेकरांच्या चपलांसाठी." पंधरा दिवसांनी बाई भर उन्हात पुन्हा हजर. हातात तो तिसरा तुकडा, म्हणजे माझी दुसरी पावती. तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'सारिका, इयत्ता तिसरी, चपला एक जोड. उरलेल्या पैशांत कोंडिबाच्या चपलेचे बंद.' त्या कागदानं मला जो आनंद झाला, तो मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. मी तो गल्ल्याच्या काचेखाली ठेवला. पुढे मी मिशनच्या कमिटीतच जाऊन बसलो. मी विठ्ठलाचा माळकरी माणूस, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. "तुमचं शुद्धलेखन बरं हाय," एवढंच कारण त्यांनी दिलं.

पैसे मागायची मात्र त्यांची तऱ्हा अशी होती की मागितलेलं कळूच नये. लेकरांचे केविलवाणे फोटो छापू द्यायच्या नाहीत. एकदा पाळकसाहेबांनी उपासनेत लेकरांचे हाल सांगून मंडळींना रडवलं आणि दानाचं ताट भरलं. बाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मानसाच्या डोळ्यांत पानी आनून घेतलेले पैसे म्हंजे खिशात हात घातल्यासारखंच हाय." मला ते फार थोर वाटलं होतं. मी दोन-चार जणांना सांगितलंही.

मग ती दिवाळी आली. शहरातले एक गृहस्थ दरवर्षी वसतिगृहाला धान्य देत. ते वारले आणि धान्य थांबलं. लेकरं येऊन राहिलेली, आईबाप शेकडो कोसांवर. बाईंनी निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे घातले, पाळकसाहेबांनी मोटारींची मजुरी घातली, मी जमले तेवढे घातले. नाताळापर्यंत कोठी रिकामी झाली. आणि बँकेत चाळीस हजार रुपये नुसते पडून होते.

ते शामूतात्यांचे होते. तात्या मिशनच्याच मंडळीतले, जन्मभर ऊस तोडलेले. त्यांची बायको उपासनेला नेहमी उशिरा यायची आणि सगळे तिला हसायचे. "घंटी लावा, मग येते येळेवर," असं ती म्हणायची. ती गेल्यावर तात्यांनी चार हंगामांची बचत आणून बाईंपुढे ठेवली होती. पावतीवर लिहिलं होतं, 'कशासाठी : घंटी.'

कमिटीत मी म्हणालो, "आत्ता वापरू, नंतर भरू." पाळकसाहेबांनी मान डोलावली. बाईंनी पुस्तक मिटलं. "देनाऱ्याचा हात सुटला म्हनून हक्क सुटत न्हाई. तात्याला इचारू." तात्या टोळीबरोबर कर्नाटकाच्या हद्दीवर, फोन नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं निघालो. सोलापूरला गाडी बदलताना बाई मला म्हणाल्या, "तितं तुमी बोलायचं न्हाई. तुमी लई रंगवून सांगता."

तात्या फडात मोळी बांधत होते. आम्हाला बघून कावरेबावरे झाले. "बाई, तुमी कावून आल्या इतक्या लांब?" बाई उसाच्या पाचटावर बसल्या. "तात्या, घंटीचे पैसे तसेच हायत. वसतिगृहाला जरा अडचन हाय. तुमची खुशी असंल तर तिकडं लावू. नसंल तर घंटीच आनू." तात्यांनी हातातला कोयता पाचटावर ठेवला. मग म्हणाले, "घंटीच आना बाई. लावीन म्हनून मी तिला बोललो व्हतो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अठरा लेकरं, रिकामी कोठी, आठ दिवसांत कुलूप. मी बोललो नाही. परतीच्या गाडीत मात्र फुटलो. "जरा अडचण? बाई, वसतिगृह बंद पडतंय हे का नाही सांगितलं?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी इचारायला गेलते, मागायला न्हाई. तसं सांगितलं असतं तर त्यो न्हाई कसं म्हनला असता?" त्यांना 'हो' हवं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवं होतं.

आठ दिवसांनी लेकरं निघाली. कुणाची आजी आली, कुणाचा मामा. चौदा लेकरांना सांभाळणारं गावात कुणीच नव्हतं, त्यांना मुकादमाच्या ट्रॅक्टरनं आईबापांकडे फडावर धाडलं. सारिका ट्रॉलीच्या कडेला बसली होती. मी दिलेल्या चपला पायांत, आणि दप्तर मांडीवर घट्ट धरलेलं. बाईंनी प्रत्येक लेकराचं नाव वहीत लिहून पुढे तारीख टाकली. मला रडू आवरेना, म्हणून मी चाकातली हवा बघितल्यासारखं केलं.

हंगाम संपून तात्या आले तेव्हा घंटी टांगून झाली होती. बाईंनी त्यांना दुसरी पावती दिली. तात्यांनी ती कपाळाला लावली, दोरी ओढली आणि आवाज थांबेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मग वसतिगृहाच्या कुलपाकडे बघून म्हणाले, "लेकरं कुटं गेली?"

पाळकसाहेबांनी सांगितलं. तात्यांनी दोरी सोडली. "बाई, तुमी तोंडानं सांगायचं ना. मी काय धोंडा हाय? घंटी पुढच्या साली आली असती. एवढी वर्सं तिनं उशीरच केला, आजून एक झाला असता!"

बाई वसतिगृहाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

पावसाळ्यात त्या छापखान्यात आल्या. फार वाळल्या होत्या. म्हणाल्या, "पावतीवर आजून एक ओळ टाका. 'आज काय अडलंय.' देनाऱ्याला सगळं कळायला पायजे. मी अर्धंच सांगितलं." मी नवी पुस्तकं छापली, पण ती न्यायला बाई आल्या नाहीत. झोपेतच गेल्या. दफनाच्या दिवशी शामूतात्यांनी घंटी वाजवली ती थांबवेनातच, शेवटी मंडळींना त्यांना हाताला धरून बाजूला न्यावं लागलं.

पुस्तकं मीच मिशनमध्ये पोचवली. वसतिगृह पुन्हा सुरू करायचं म्हणतात. नव्या खजिनदाराला मी धान्यासाठी पाच हजार दिले. तो फार चांगला मुलगा आहे, तीनदा आभार मानले. कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही, मीच सांगितलं. पहिली पावती मिळाली. 'आज काय अडलंय' पुढची जागा कोरी होती. दिवाळी होऊन गेली. टोळ्या गेल्या. सारिका या वर्षी कुठं आहे, मला माहीत नाही. जाऊन विचारायचा मला हक्क आहे, बाईंनीच तो शिकवला. पण विचारलं आणि नव्या खजिनदारानं कुलूप दाखवलं तर काय करू, म्हणून मी जात नाही. दुकानात कुणी कागद घेऊन आत शिरलं की तेवढी मान वर होते. दुसरी पावती अजून आलेली नाही.