सात कंप्युटर आणि सुमनचा एक पेनड्राईव्ह

फोन आला तेव्हा मी निलंग्याजवळ एका लग्नात बुंदी पाडत होतो. झारा हातात, तेल तापलेलं. लेक वैशाली फोनवर नुसती "बाबा... बाबा..." करत होती, तेव्हाच समजलो. सुमन, माझी बायको, पोरींना कंप्युटर शिकवता शिकवता खुर्चीतच गेली होती. दवाखान्यात न्यायलासुद्धा सवड दिली नाही. मी झारा खाली ठेवला आणि लग्नघरच्या माणसाला म्हणलो, "पाक झालाय, बुंदी तेवढी काढायची राहिली, बघा." बायको गेली हे सांगायचं सोडून मी पाकाचं सांगत बसलो. अशा वेळी माणसाचं डोकं कुठं पळतं, काही खरं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. वैशाली म्हणली, आईवर पेपरच्या पुरवणीत लिहा. मी चौथी शिकलेला आचारी, हजार माणसांची भाजी अंदाजानं करीन, पण चार ओळी लिहायच्या म्हणलं की घाम येतो. शुद्धलेखन लेकीनं बघितलंय, मजकूर माझा. आधीच सांगतो, रडगाणं लिहिणार नाही. सुमन लई हसणारी बाई होती. तिच्यावर रडून लिहिलं तर तिला ते आवडायचं नाही.

ती रेणापूरकडची, दहावी झालेली. मुखेडजवळच्या आमच्या गावात नांदायला आली तेव्हा माझ्या आईच्या आधी पेपर वाचायची म्हणून बोलणी खायची. कंप्युटरचा नाद पन्नाशीत लागला. वैशाली लग्न होऊन गेली, तिचा कंप्युटर घरी राहिला. सुमन त्याच्यावरची धूळ पुसायला बसली ती उठलीच नाही. मुखेडला जाऊन कोर्स केला, टायपिंग शिकली, आणि एक दिवस मला म्हणली, "ओ, समोरच्या खोलीतले तुमचे पातेले-कढया बाहेर काढा. तिथं क्लास काढायचाय."

"आन् माझी भांडी कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"पत्र्याखाली ठेवा. भांड्याला काय नोकरी लागायची न्हाई. पोरींना लागंल."

तिचं म्हणणं खरं होतं. गावातल्या पोरी बारावीपर्यंत शिकायच्या. पुढं टायपिंगला मुखेडला जायचं तर संध्याकाळची एसटी कधी येती, कधी येत नाही, म्हणून घरचे सोडायचे नाहीत. गावात क्लास असला तरच पोरगी शिकणार, नसला तर चूल. एवढा सरळ हिशोब. लातूरच्या एका कॉलेजानं मोडीत काढलेले सात कंप्युटर सुमननं आणले. मी माझ्या भांड्यांच्या टेम्पोतूनच आणले, गाद्या घालून. सात जणांच्या सात तऱ्हा. काही बऱ्यापैकी नवे, त्यांच्यावर विंडोज चालायचं, कुणावर नवं, कुणावर जुनं. दोन तर इतके म्हातारे की त्यांना लिनक्सच झेपायचं. कंप्युटरचं बटण दाबलं की आत आधी जे उठतं आणि सगळा कारभार हातात घेतं, ते हे विंडोज नाहीतर लिनक्स, त्यालाच सिस्टीम म्हणतात. आमच्याकडं लाईट दिवसातून चारदा उडी मारती. लाईट गेली की कुणाचं ना कुणाचं बिघडायचंच, मग पेनड्राईव्हवरून परत नव्यानं भरायचं. प्रत्येकाचा पेनड्राईव्ह वेगळा. सुमननं त्यांना रंगीत दोरे बांधले होते, लाल याचा, हिरवा त्याचा, आणि सगळे एका कापडी पिशवीत. त्या पिशवीत हात घालून ती दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायची आणि इकडं पोरी हातावर हात ठेवून बसलेल्या.

एकदा वैतागून म्हणली, "मी भाजीला बसले की हळदीला एक डबा, तिखटाला एक डबा असं मांडत बसते का? एक मिसळणाचा डबा असतो, त्यात सगळ्या वाट्या. मग ह्याचं असं का न्हाई?" आणि पिशवी घेऊन नांदेडच्या एसटीत बसली. मीही गेलो, मला तिथून मोठी कढई बघायची होती.

नांदेडला शकीलभाई म्हणून दुरुस्तीवाले आहेत, बोळात छोटं दुकान. सुमननं टेबलावर पिशवी उलटी केली. शकीलभाई दोऱ्यांकडं बघतच राहिले. "भाभी, ये पेनड्राईव्ह हय की राखी का दुकान?"

"हसू नका भाऊ. हे सगळं एकात बसतं का, तेवढं सांगा."

"बैठता ना! कायकू नई बैठता?"

मग त्यांनी दाखवलं. एक मोठा पेनड्राईव्ह घ्यायचा. त्याच्यावर आधी एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो बसताना आतलं सगळं पुसून जातं, म्हणून आधी बघून घ्यायचं. एकदा तो बसला की मग प्रत्येक सिस्टीमची अख्खी फाईल जशीच्या तशी आत टाकायची. फोडायची नाही, उघडायची नाही. मग तो पेनड्राईव्ह लावून कंप्युटर चालू केला की पडद्यावर नावं येतात, बाण खालीवर करून पाहिजे ते घ्यायचं. सुमननं पहिल्यांदा ती नावं एकाखाली एक बघितली आणि दुकानात टाळ्या वाजवल्या. मला म्हणली, "बघा, आला का न्हाई मिसळणाचा डबा!" मी म्हणलो, "माझी कढई राहिली." ती राहिलीच. घरी येऊन तिनं पिशवीतले जुने पेनड्राईव्ह पुसून पोरींना वाटून टाकले, सरावाला.

तो नवा पेनड्राईव्ह आमच्याकडं नवसाच्या लेकरासारखा आला. सुमन कुणाला हात लावू द्यायची नाही. दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. माझा झारा, सांडशी, मोठं उलथनं, तिचा विळा, असं सगळं पाटावर मांडायचं. त्या वर्षी पाटावर मधोमध पेनड्राईव्ह. सुमननं झाकण काढून चांगलं तोंडालाच हळद-कुंकू लावलं, पाण्यात कालवलेलं, वर अक्षता, आपट्याचं पान. मन लावून पूजा केली. पूजा झाल्यावर झाकण लावून कपाटात.

दुसऱ्या दिवशी लाईटनं असा धुमाकूळ घातला की सातातले चार कंप्युटर आडवे झाले. पोरींची टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली. गावातले भीमराव दारात येऊन उभे, त्यांची अश्विनी क्लासला होती. भीमराव म्हणले, "वहिनी, क्लास बंद पडला असंल तर सांगा. पोरीला उगं कशाला पाठवू? पाव्हणे इचारायलेत." अश्विनी मागं उभी, मान खाली. सुमन म्हणली, "बंद कशाला पडतोय? पाव्हण्यांना म्हणा, परीक्षा झाल्यावर या." आणि ऐटीत पेनड्राईव्ह लावला. काही नाही. काढला, परत लावला. काळा पडदा. मग तिनं त्याच्या तोंडात डोकावून बघितलं, आत हळद वाळून बसलेली. माझ्याकडं बघितलं... मला वाटलं आता रडती. ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "ओ, मी ह्याला चांगली आंघोळच घातली की!" भीमरावांना काही कळेना. जुने सगळे पुसलेले, गावात नेट असं की एक फाईल उतरायला दोन सण जावेत. परत नांदेड.

शकीलभाईंनी पेनड्राईव्ह हातात घेतला, वास घेतला. "भाभी, हल्दी? लगन हय क्या इसका?"

"लगीनच लावलं समजा. आता नांदत न्हाई."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. शकीलभाईंनी ब्रशनं, स्पिरिटनं घासून बघितलं, पण आत ओल राहिलेली असताना लावल्यानं आतून जळालेला. ते नवीन करून द्यायला बसले तर सुमन म्हणली, "सरका भाऊ. मीच करते. दरसाल दसरा येणार हाय." ते खुर्ची देऊन बाजूला झाले आणि चहा सांगितला. तिनं प्रोग्राम बसवला, फाईली टाकल्या, बोट लावून एकेक नाव मोजून बघितलं. निघताना शकीलभाई म्हणले, "भाभी, अगली बार टीका ढक्कन पे लगाना. मुँह में नक्को."

घरी आल्या आल्या, पायात चप्पल तशीच, एकेक कंप्युटर उठवत गेली. नवे उठले. सगळ्यात म्हातारा राहिला. घरघर करत बसला, पोरी श्वास धरून. सुमन म्हणली, "थांबा गं. हे आमच्या ह्यांच्यासारखं हाय. उठायला येळ लावतं, पण एकदा उठलं की कुणाच्या बापाला ऐकत न्हाई." उठलं. पोरींनी जो गलका केला, तो भीमरावांच्या घरापर्यंत गेला असणार. सगळ्या परीक्षेला बसल्या. अश्विनी पास झाली, नंतर सुमनच्या हाताखाली क्लासवरच शिकवायला लागली. पाव्हणे अजून थांबलेत.

आता खरं सांगतो. सुमन गेल्यावर त्या खोलीत मी जाईना. पेनड्राईव्ह माझ्या शर्टाच्या खिशात. झोपतानाही. अश्विनी क्लास चालवत होती, पण लाईटनं परत तीन कंप्युटर पाडले. ती दारात आली. "काका, पेनड्राईव्ह द्या ना."

"देत न्हाई."

"मग चालू कसं करू? शकीलमामांकडून दुसरा करून आणू का?"

दुसरा म्हणलं आणि माझा हात खिशावर गेला. "दुसरा न्हाई करायचा. ह्योच लावायचा. मी लावतो."

"तुम्हाला येतं?"

"न्हाई येत."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणली, "मग या. शिका."

गेलो. सुमनच्या खुर्चीत बसलो. खिशातनं काढला, उलटा लावायला लागलो तर मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. "काका, तोंड फिरवा त्याचं." फिरवलं. बटण दाबलं. "हां, आता वरच्या ओळीतलं बारा नंबरचं बटण टकाटका दाबत राहा. झाऱ्यानं नव्हं, बोटानं!" सगळ्या हसल्या, मीही हसलो, कितीतरी दिवसांनी. नावं आली. सुमननं भरलेली, तिच्या क्रमानं. "बाण खाली... अजून खाली... बस. आता एंटर." काळा पडदा झाला... मग उजेड आला, आणि पहिला कंप्युटर उठला.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पेनड्राईव्ह काढून खिशात घातला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागलो.

अश्विनी म्हणली, "कुठं निघाले काका? अजून दोन राहिलेत."

बसलो.