शेवट तर ऐक

आमच्या घरात धाकट्या भावाचं नाव भोंगा. मी रंगभूमीवर काम करत होते तेव्हा हा विंगेत स्टुलावर बसून माझी वाक्यं पाठ करायचा आणि घरी आल्यावर माझ्याच नकला करून मला रडवायचा. आई म्हणायची, "एक पोरगी नाटकात गेली तेवढं पुरे. तू काहीतरी शहाण्यासारखं कर." तो वैमानिक झाला, पण त्याच्यातला नट काही गेला नाही. प्रवाशांना हवामान सांगायचा तेसुद्धा असं, की मागच्या रांगेपर्यंत हशा पिकावा.

कॉकपिटमध्ये मात्र एक दंडक आहे. उड्डाणानंतर विमान बरंच वर जाईपर्यंत कामापलीकडचा शब्द बोलायचा नाही. भोंग्याला ती शिक्षाच वाटे. "अक्का, पोटात किस्सा उकळत असतो आणि झाकण दाबून बसावं लागतं," असं सांगायचा. ठरलेली उंची गाठली, सीटच्या पट्ट्यांचा दिवा विझवला, की झाकण उडालंच.

त्या दुपारीही ते उडालं.

विमानाच्या नाकात पुढची वादळं दाखवणारं रडार असतं. त्याची नजर वर-खाली कलवता येते. चढताना ती वर ठेवतात आणि उंची गाठल्यावर खाली वळवतात. नाहीतर ती ढगांच्या डोक्यावरून पाहत राहते आणि स्क्रीन स्वच्छ दिसते. एक बटण फिरवायचं काम. हे सगळं मला माहीत असायचं कारण नाही. पण त्या दुपारच्या अपघातापासून भावाने मला दुसरं काही सांगितलेलंच नाही. बटण फिरवायची वेळ आली आणि त्याने किस्सा सुरू केला.

चौकशीत त्याला कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. बंद खोली, टेबलापलीकडे ठोकळ्यासारखे चेहरे, आणि मध्ये याचा स्वतःचा आवाज, अगदी रंगात आलेला. सासऱ्याची कवळी हरवते तो किस्सा. मध्येच सहवैमानिक म्हणतो, "सर, समोर जरा काळं वाटतंय."

"अरे, स्क्रीन बघ की, स्वच्छ आहे. थांब, शेवट तर ऐक."

शेवट आलाच नाही. त्याच्या जागी काचेवर गारा वाजल्या.

विमान त्यानेच सावरलं, सुखरूप उतरवलं, हेही खरं. पण खुर्च्यांमधल्या वाटेत चहाची गाडी ढकलत असलेली मुख्य हवाईसेविका, सगळे तिला ताई म्हणत, हादऱ्यासरशी छतावर आपटून खाली पडली. मणक्याला मार बसला. पाय हलेनासे झाले.

तेव्हापासून तो रोज रुग्णालयात जायचा आणि न बोलता परत यायचा. तिला काही माहीत नव्हतं. तिचा नवरा दारातच याचे हात धरायचा, "साहेब, तुम्ही होतात म्हणून ही निदान दिसतेय तरी." थर्मासच्या झाकणात चहा ओतून आधी याला द्यायचा.

शेवटी मला बरोबर घेऊन गेला. टॅक्सीत मी म्हटलं, "अहवाल येईल तेव्हा येईल. तिला तुझ्या तोंडून कळायला हवं."

"रोज ठरवून जातो गं. तो चहा पुढे करतो आणि माझी वाचाच बसते."

"वाक्य विसरलास तर मी आहे शेजारी."

"विसरता आलं असतं तर काय हवं होतं, अक्का!"

ताई उताणी पडली होती. तिला फक्त छत दिसत होतं. पावलं ओळखून म्हणाली, "आले का साहेब? पूर्वी आधी तुमचा आवाज यायचा, मागून तुम्ही."

नवऱ्याने चहा पुढे केला. भावाने घेतला नाही.

"ताई, ते वादळ दिसलं असतं," तो म्हणाला. मग बटण, किस्सा, सहवैमानिकाचं सांगणं, सगळं सांगितलं. आवाजात चढ नाही, उतार नाही. त्याचं असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

ताईने विचारलं, "कुठला किस्सा?"

"सासऱ्यांच्या कवळीचा."

"तो होय! मलाही सांगितला होतात. हसून हसून माझ्या हातातला ट्रे पडला होता." मग तिने विचारलं, "समोर काळं दिसतंय म्हणाला ना तो? मग पट्ट्यांचा दिवा तरी लावायचा होतात. मी खाली बसले असते."

"बोलत होतो," भाऊ म्हणाला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "पडदा ओढून घ्या."

खाटेभोवतीच्या पडद्याच्या कड्या खळखळल्या. आम्ही बाहेर राहिलो. आयुष्यभर पडद्यामागे उभी राहून मी लोकांच्या टाळ्या ऐकल्या. इथे आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, तेही तोंड दाबलेलं.

"अक्का, उभी राहील का गं ती?"

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने नवरा बाहेर आला. सवयीने थर्मासचं झाकण भरलं, भावाकडे हात निम्मा पुढे केला, भावानेही घ्यायला हात लांबवला, आणि नवरा तिथेच थांबला. मग बेसिनपाशी जाऊन त्याने तो चहा ओतून दिला, झाकण विसळलं, थर्मासवर घट्ट फिरवून बसवलं आणि पडद्याआड गेला.

भाऊ अजून हात पुढे करून उभा होता.