गच्चीवरचं लाल लुगडं

माझा मोठा भाऊ शेतात मोबाइल नेत नाही. म्हणून वीज पडण्याचा इशारा मोठ्याने बोलून दाखवणारं, इंटरनेटवर चालणारं यंत्र मी त्याच्या धाड गावाजवळच्या घरी बसवलं. यंत्र बोललं की वहिनी गच्चीच्या कठड्याला लाल लुगडं बांधायची. शेत घरामागेच. लुगडं दिसलं की भाऊ काम टाकून घरी यायचा. ही युक्ती तिचीच.

श्रावणात तिने पोथी लावली. गल्लीतल्या बायका ऐकायला बसलेल्या आणि भर अध्यायात यंत्र ओरडलं. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुह्या घरात देवापेक्षा याचाच आवाज मोठा!" सगळ्या हसल्या. वहिनीने मला फोन केला, "भाऊजी, तुमचं हे डबडं पोथीतच बोंबलते. काही तरी करा."

यंत्राची सगळी बटणं माझ्या मोबाइलवर. बुलढाण्यात ऑफिसात बसल्या बसल्या मी इशारे बंद केले. पोथी संपली की चालू करू, असं ठरवलं. समाप्तीचं जेवणही जेवून आलो. विसरलो.

सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत एका दुपारी आभाळ भरून आलं. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीवर वीज पडली. जवळच असलेला भाऊ वाचला, पण डावा कान कायमचा गेला. दवाखान्यात तो म्हणाला, "ढग दिसत होते बे. दोनदा घराकडं पाह्यलं. लुगडं नव्हतं, म्हून थांबलो."

बाहेर बाकावर वहिनी रडत होती. "मी मिक्सर लावलं होतं हो, भाऊजी. मलेच आयकू आलं नसन."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "जाऊ द्या, वहिनी." आणि कोपऱ्यात जाऊन इशारे चालू केले.

तेव्हापासून ती मिक्सर लावत नाही. चटणी पाट्यावर वाटते. परवा तिच्या तळहातांवरचे घट्टे पाहिले आणि तसाच शेतात गेलो. भाऊ तण निंदत होता. त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं, अगदी पोथीपासून. पण बसलो होतो त्याच्या डाव्या बाजूला. मुद्दाम.

तो थांबला. "काय म्हणून राह्यला बे? इकडं ये, या कानात सांग."

मी उठून उजवीकडे गेलो. तेवढ्यात त्याला गच्चीवर लुगडं दिसलं. "चाल, घरी चाल," म्हणत तो निघालाही. मी मागे मागे चालत राहिलो.

वहिनी दारातच उभी होती. चेहरा उजळलेला. "आज बरोबर आयकू आलं, भाऊजी," ती म्हणाली.