हात पाठीमागे

माझ्या मेहुण्यांसमोर वाकडी रेघ पाच मिनिटांहून जास्त जगलेली मी पाहिलेली नाही. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, शिंदखेड्याचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॉलीच्या मागे लिहिलेली मालकाच्या मुलांची नावं, तालुक्यातलं हे सगळं पंचवीस वर्षं त्यांच्या हातचं. दोरी न धरता ते वीस फूट सरळ रेघ मारत. मी एकदा टेप लावून पाहिलं, तर वीस फुटांत दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा फरक निघाला. "दाजी, दोन सूत भिंतच खाली शे," असं ते म्हणाले. भिंत मोजली, तेही खरं निघालं.

हा हात घरातही स्वस्थ बसत नसे. आले की चप्पल काढायच्या आधी ते दारातून कॅलेंडर सरळ करत. भाकरी एका बाजूने फुगीर असली तर ती बाजू आधी खाऊन ती गोल करून घेत. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या वहीत त्यांनी हृदयाची आकृती थोडीशी 'नीट' करून दिली, तर बाईंनी खाली लाल शाईने 'हे कोणी काढले?' असा शेरा मारून वही परत पाठवली. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना ते वाढता वाढता थांबले आणि स्वागताच्या फलकावरचा दुसऱ्या कोणीतरी काढलेला 'ग' पुसून नव्याने काढायला गेले. वरणाची बादली त्यांच्याबरोबर गेली. मी, म्हणजे नवरदेव, सव्वाआठ मिनिटं कोरडा भात समोर घेऊन बसलो होतो.

मग फ्लेक्स आले आणि भिंती संपल्या. मेहुण्यांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी धुळ्यात कलाशिक्षकाच्या पदविकेला नाव घातलं आणि पत्र्याची एक पेटी घेऊन ते आमच्याकडे राहायला आले. वर्गात त्यांच्या खालोखाल वयाचा विद्यार्थी तेवीस वर्षांचा होता. पिंपळनेरजवळच्या एका शाळेने त्यांना शब्द दिला होता, की जूनपर्यंत प्रमाणपत्र आणलंत तर चित्रकलेची जागा तुमची, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे. चित्रकलेच्या पेपरांची चिंता नव्हतीच. अडचण आली ती शाळेत जाऊन घ्यायच्या सराव पाठांत.

पहिला पाठ सहावीच्या वर्गावर होता. विषय 'माझा शाळेचा रस्ता', मुलं अडतीस, वेळ चाळीस मिनिटं. मेहुणे बाकांमधून फिरले. इथे झाडाचा बुंधा सरळ केला, तिथे रस्ता निमुळता केला, कुणाच्या बैलाला मान दिली. तास संपल्यावर पाठ पाहायला बसलेल्या मॅडमनी चित्रं गोळा केली आणि शांतपणे चाळली.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही अडतीसही तुमची आहेत. मुलांची कुठे आहेत?"

पाठ नापास. महिन्याने एक संधी मिळणार होती, शेवटची. तीही गेली तर वर्ष जाणार आणि जागाही जाणार.

संध्याकाळी ते ओट्यावर आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. "मी काय करू? मना हात ऐकस नही."

"मग जाताना घरी ठेवून जात जा," माझी बायको म्हणाली. "मी सांभाळते. नाहीतरी मला कोथिंबीर निवडायला हात कमीच पडतात."

मला मात्र यात एक सोय दिसली. हात किती वेळा जातो, हे मोजता येण्यासारखं होतं. गल्लीतली पाच मुलं रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बसवली आणि मी घड्याळ नि वही घेऊन कोपऱ्यात बसलो. पहिल्या रविवारी एकोणीस वेळा हात गेला. दुसऱ्या रविवारी खिशात पेन्सिल ठेवायची नाही असं ठरलं, तेव्हा चौदा वेळा. त्यात तीन वेळा त्यांनी नखाने रेघ काढली. तिसऱ्या रविवारी हात खिशात घातले, तर एका मुलाच्या मनगटाचा कोन त्यांनी कोपराने बदलला.

"कोपर कुठं हातात येतं, दाजी?"

"येतं," मी म्हणालो आणि सहावी खूण केली.

चौथ्या रविवारी एक मूल आलं नाही, म्हणून त्या जागी मी बसलो आणि मोजणी बायकोकडे दिली. जन्मात मी तक्त्याच्या रेघांपलीकडे काही काढलेलं नव्हतं. मी आमची स्कूटर काढली. मेहुणे माझ्यामागे येऊन उभे राहिले. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. हात कागदापासून इंचभरावर आला, थांबला आणि परत जाऊन पाठीमागे दुसऱ्या हाताला घट्ट धरून उभा राहिला.

"दाजी," ते कष्टाने म्हणाले, "पुढचं चाक एवढं मोठं का?"

"दर वेळी पंक्चर तेच होतं. स्कूटर म्हटली की मला तेवढंच दिसतं."

ते तिथेच फरशीवर बसले. बराच वेळ ते चाक बघत होते. "पंचवीस वर्षांत मी कोणाला 'का' विचारलंच नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक सांगे, मी नीट करून देई."

त्या दिवशी बायकोने वहीत शून्य लिहिलं.

शेवटच्या पाठाच्या दिवशी ते दुपारी दीडला रिक्षातून उतरले. मी वही उघडूनच बसलो होतो.

"किती?"

"एक."

बायकोने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अरे भाऊ, काय नीट केलंस?"

ते सांगू लागले. एका मुलीने रस्ता काढला होता आणि त्याच्या एका बाजूची सगळी घरं उलटी, छपरं खाली. त्यांनी हात पाठीमागे धरले आणि विचारलं, "ताई, ही घरं उलटी का गं?" तिने कागद गर्रकन फिरवला. "घरी जाताना ती सरळ होतात ना सर! मग ही उलटी होतात." मागच्या बाकावर मॅडम मोठ्याने हसल्या आणि पाठ पास झाला.

"मग एक कशाचा?"

"पंख्यानं तिचा कागद उडाला. मी धरला."

"धरलेला मोजायचा नाही," बायको म्हणाली. माझं म्हणणं, नियम हात लावण्याचा होता. वहीत आजही एक आहे.

आता त्यांना पिंपळनेरकडे दोन वर्षं झाली. दिवाळीला येतात. कॅलेंडर वाकडं असलं तरी चप्पल काढतात, पाणी पितात आणि मुलीला विचारतात, परीक्षा कशी गेली. भाकरी जशी येईल तशी खातात. बायको परवा मला म्हणाली, "भाऊ आला तरी आल्यासारखं वाटत नाही हो." मी कॅलेंडर मुद्दाम थोडं तिरकं करून ठेवतो. अजून उपयोग झालेला नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना फाटकावरचा आमचा घर क्रमांक सतरा पुन्हा रंगवायला सांगितला. घर बांधलं तेव्हाचा त्यांच्याच हातचा तो, पार उडाला होता. त्यांनी रंग कालवला, ब्रश भिजवला आणि माझ्या हातात दिला. "घर तुमचं शे, दाजी. तुम्ही काढा." मी काढला. ते हात पाठीमागे धरून उभे होते. एक बरा जमला, सात डावीकडे कलला. मी म्हणालो, एवढा नीट करा. ते हसले, पण हात सुटले नाहीत.

सात तसाच आहे. टपाल वेळेवर येतं. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा माझ्या सातामागे त्यांचा जुना, नेमका सात पुसट दिसतो. दूध घेताना मी रोज दोन्ही बघतो.