नव्याची बांधी

नॅनो म्हणजे किती बारीक, हे मी बालाघाटच्या एका कॉलेजात तासभर समजावलं आणि शाल-नारळ घेऊन घरी आलो. निवृत्त विज्ञान शिक्षकाला एवढंच काम उरतं. विषय भारदस्त होता: नवं तंत्रज्ञान जबाबदारीनं कसं वापरावं. आधी थोड्या जागेत तपासा, ज्याला झळ लागू शकते त्याला विचारा, मग परवानगी द्या आणि दिल्यावरही नजर ठेवा, असं मी हातवारे करून सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता मला स्वतःलाही ते पटलं.

त्याच आठवड्यात वारासिवनीच्या बाजारात दुकानदारानं एक बाटली पुढे केली. धानावरच्या किडीचं नवं औषध, नॅनो, थोडंसंच पुरतं म्हणाला. बाटलीवरची अक्षरं इतकी लहान होती की औषधापेक्षा तीच नॅनो वाटावीत. चष्मा घरी राहिला होता. मी न वाचताच बाटली घेतली आणि फवारायला ड्रोनही ठरवून टाकला.

आमचं शेत खैरलांजीच्या वाटेवर आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावर, पळसाची रांग. आजोबांनी जमीन वडिलांना दिली आणि पळस आत्याला. म्हणजे झाडांवरची लाख तिची. पावसाळ्याच्या तोंडाला ती फांद्यांना बियाणं म्हणून लाखेच्या कांड्या बांधते, दिवाळीच्या सुमारास लाख खरवडून काढते. नवरा गेल्यावर ती याच गावात राहायला आली, तेव्हापासून कुणाला न विचारता खर्च करता येईल अशी तिची कमाई हीच. ती त्या झाडांना ‘माही लेकरं’ म्हणते आणि मला ‘मास्तर’. सूर वेगवेगळे असतात.

पोळा होऊन गेला होता. लालबर्ऱ्याकडची एक तरुण बाई ड्रोन घेऊन आली. तिनं आधी हवेत रुमाल धरून पाहिला आणि म्हणाली, “सर, हवा चल रही है. शाम को करें?”

“अरे, आता व्हिडिओ चांगला येतो,” मी म्हणालो. कॉलेजच्या पोरांना पाठवायचा होता.

“बाजू में कुछ है क्या? तालाब, मधुमक्खी, किसी की सब्जी?”

“काही नाही,” मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात आत्या धुऱ्यावरून आली. “काय फवारून राह्यला रे मास्तर?”

“नॅनो आहे, आत्या. किडीचं औषध.”

“किडे मारते?”

“हौ.”

“मंग माही लाख का बोरं हायेत? तेही किडेच ना?”

लाख किडे तयार करतात, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. परीक्षेत विचारलं. न येणाऱ्याला बाकावर उभं केलं. आणि नेमकं त्या सकाळी ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण हार कशी मानायची? मी म्हणालो, “थेंब इतके बारीक असतात, की ते फक्त धानावरच बसतात.”

“इतके बारीक हायेत, तं धुऱ्यावर थांबा म्हणून त्यायले कोण सांगन?”

मी हिंमत दाखवली. तिच्या पहिल्या पळसाखाली जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “एक थेंब जरी इथं आला, तर मी फवारणी बंद करतो.” मोबाईल वर धरला. ड्रोन उडाला, पहिल्याच वळणावर वारा फिरला आणि माझं टक्कल गार पडलं.

त्या बाईनं ताबडतोब ड्रोन उतरवला. “सर, साबण से धोइए, अभी!” मी विहिरीकडे पळालो. मागून आत्या ओरडत होती, “घास मास्तर, घास! इतकं भारी औषध, तुह्या डोक्यावरही काही उगवते का पाहू!” पण मी वळून पाहिलं तेव्हा ती हसत नव्हती. त्या फांदीखाली उभी राहून, मान वर करून, पदरानं तोंड झाकून बघत होती.

डोकं घासता घासता मला वडिलांची छोटी बांधी आठवली. बांधी म्हणजे धानाचा एक वाफा. विहिरीजवळची ही सगळ्यात लहान, धुऱ्यापासून सगळ्यात लांब. घरात तिला ‘नव्याची बांधी’ म्हणत. नवं बियाणं, नवं खत, काहीही असो, आधी एक हंगाम तिथं. वडील संध्याकाळी तिच्या काठावर बसून विडी ओढत आणि धानाकडे असे बघत, जणू मुलगी पाहायला आलेत. कोणी विचारलं, “काहून एवढा वेळ?” तर म्हणत, “घाई त्या पाकिटाले हाये, मले नाही.” एका हंगामात तिथलं सगळं धान पिवळं पडलं. आई चिडली, वडील मात्र खूश. म्हणाले, बाकी शेत वाचलं ना! शेजारीही यायचे, चहा घ्यायचे, मत द्यायचे. आत्याचं मत सगळ्यात मोठ्या आवाजात असे.

ते गेल्यावर ती बांधी मीच मोडली. ट्रॅक्टरला वळायला अडचण होते म्हणून बांध फोडून मोठ्या बांधीत मिसळली. तेव्हाही मी फार आधुनिक होतो.

दिवाळीच्या आधी आत्यानं लाख काढली. बाकी झाडं चांगली भरली होती. मी जिथं उभा होतो, तिथली डोक्यावरची फांदी मात्र सुकी, लाखेचं कवच पोकळ.

“औषधानंच गेली का?” मी विचारलं.

“कोणाले ठाव? मुंग्यायनंही जाते.” तिनं ती फांदी तोडली नाही. “राहू दे. तुह्या कॉलेजवाल्यायले दाखव.”

मी खरंच दाखवली. ती का सुकली, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. मग कुदळ घेतली आणि विहिरीजवळ बांध घालायला बसलो. बांध दोनदा वाकडा झाला, दोन्ही वेळा आत्यानं मोडायला लावला.

यंदा पोळ्यानंतर ती ड्रोनवाली पुन्हा आली. “सर, बाजू में कुछ है क्या?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली. “हाये ना. माही लाख हाये. पहले उस छोटी बांधी में, बेटा, और हवा पड़ने के बाद.”

वारा पडेपर्यंत आम्ही तिघं त्या बांधीच्या काठावर, वडिलांच्या जागी बसून चहा प्यायलो. घाई कुणालाच नव्हती.