नसलेल्या वाटेने भरीत-पुरीला

उलटतपासणी कशी घ्यावी हे नव्या वकिलांना सांगायला मला अधूनमधून धुळ्याला बोलावतात. मी तिथे चोपडा तालुक्यातल्या एका गाडीवाटेचा दावा सांगतो, टाळ्या घेतो आणि जळगावला परत येतो. त्या दाव्यातला एक भाग मी तिथे गाळतो. तो इथे लिहितो.

माझा अशील केळीचा मोठा बागायतदार. मागच्या शेतातली एक विधवा बाई त्याच्या शेतातल्या वाटेने आपली केळी सडकेवरच्या ट्रकपर्यंत नेत असे. त्याने वाट अडवायचं ठरवलं, बाईने दावा लावला. वाट गेली तर तिचा माल बागेतच पिकून सडणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमचं म्हणणं एका ओळीचं होतं: अशी वाट तिथे कधी नव्हतीच.

ते लिहिण्याआधी मी जागेची पाहणी केली. पाहणी म्हणजे अशिलाच्या मळ्यात भरीत-पुरीची पार्टी. माझी गाडी त्याच वाटेने गेली आणि केळीला दिलेल्या पाण्याने ओल्या झालेल्या चाकोरीत रुतली. पलीकडून एक बाई आली, तिने पदर खोचला आणि गाडीला धक्का दिला. मी काच खाली करून आभार मानले. उतरलो नाही, बूट नवे होते.

पुढे कोर्टाकडून पाहणी व्हायच्या आत त्या वाटेवर नांगर फिरला. तो सल्ला माझा नव्हता. मी फक्त कधी फिरवताय एवढं विचारलं होतं.

साक्षीच्या पिंजऱ्यात तीच बाई. वाट किती रुंद, असं मी विचारलं. गाडी जाईल एवढी, ती म्हणाली. फुटांत सांगा, असं मी म्हटल्यावर तिने आठ सांगितले, मग दहा, मग बारा. धुळ्यात टाळ्या पडतात त्या इथे. शेवटी मी सुचवलं की वाट होती हेच खोटं आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमनी गाडी त्याच वाटवर फसेल व्हती ना, भाऊ? धक्का तं मीच दिधा."

मागे बसलेले वकील हसले. मीही हसलो, आणि साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात हे कोर्टाच्या नजरेस आणलं. कोर्टाला ते पटलं. तिचं वाक्य कागदावर आलं नाही. तिच्या वकिलाचं लक्ष शेजारच्या कोर्टातल्या पुकाऱ्याकडे होतं. दावा फेटाळला गेला.

विजयाची पार्टीही भरिताचीच. नांगरलेली वाट पुन्हा दाबून पक्की केली होती. तोंडाशी फाटक, फाटकाला कुलूप. माझ्या गाडीसाठी ते उघडलं. बाजूच्या अरुंद बांधावरून ती बाई केळीचा घड डोक्यावर घेऊन चालली होती. जेवताना मी अशिलाला म्हटलं, "आप्पा, माल निघेपर्यंत अक्कांना तेवढं फाटक उघडून द्या."

त्याने माझ्या पानात भरीत वाढलं.

"वकीलसाहेब, वाट आहे कुठे तिथे? तुम्हीच तर कोर्टाला पटवून दिलं."

पंगत हसली. भरीत झकास झालं होतं, मी पुन्हा मागून घेतलं.

परतताना ती फाटकाशी घड उतरवून दम खात उभी होती. कुलूप उघडेपर्यंत गाडी तिच्या शेजारीच थांबली. या वेळी मी काच खाली केली नाही.